दाणेदार खताची परात : ती चालवावी कशी व राखावी कशी

शेणखत व कंपोस्ट यांचे दाणे पाडणारीं यंत्रें अलीकडे खेडोपाडीं दिसूं लागलीं आहेत. दाणेदार खत वार्‍यानें उडत नाहीं, पाभरीच्या चाड्यांतून सरळ उतरतें आणि नेण्याआणण्यास सोईचें पडतें, हे त्याचे गुण होत. परंतु आरंभींच एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. दाणा केल्यानें खताचा कस रतिभरही वाढत नाहीं. कच्च्या खताचे दाणेही कच्चेच निघतात. यंत्र आकार देतें. कस खड्ड्यांतच तयार व्हावा लागतो.

हें आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही गांवीं आलों, तेव्हां गांवच्या मंडळींनीं मिळून असें यंत्र घेतलें व त्याचा हिशेब आमच्याकडे सोंपविला. पहिल्याच वर्षीं, मृगाच्या तोंडावर, एका सायंकाळीं ‘उद्यां पाहूं’ म्हणून परात न खरवडतां सर्वजण घरीं गेले. सकाळीं तळाशीं दोन बोटें जाडीचा थर दगडासारखा वाळला होता. तशींच मोटर सुरू केली, तों पट्टा तुटला. नवा पट्टा चढविल्यावर एका तरुण गड्यानें तो थर उकरण्यास फिरत्या परातींत हात घातला. त्याची बाही पात्यांत अडकली. शेजारच्यानें तत्काळ खटका पाडला म्हणून हात वाचला. यंत्र आठ दिवस बंद राहिलें व कित्येकांची पेरणी खतावांचून झाली. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

आतां रीत सांगतों. खत पूर्ण कुजलेलें, वाळवून बारीक केलेलें व चाळलेलें असावें. खडे, तारा व प्लॅस्टिक वेंचून काढावें. परातीचा कल जमिनीशीं साधारण ४५ ते ५५ अंश ठेवतात. कल अधिक उभा केल्यास माल लवकर बाहेर पडतो व दाणा लहान राहतो; कमी केल्यास दाणा मोठा होतो. प्रथम परात रिकामी फिरवावी, मग भुकटी सोडावी व शेवटीं पाणी. पाणी तुषारांनीं द्यावें. धार धरली कीं ढेकळें होतात. मालाची मूठ आवळली असतां गोळा टिकावा, पण बोटांतून पाणी गळूं नये, हीच ओलाव्याची खूण. दाणा पुरता झाला कीं तो आपोआप वर येऊन कांठावरून ओघळतो. काम थांबवितांना आधीं भुकटी व पाणी बंद करावें, परात रिकामी होऊं द्यावी आणि मगच मोटर बंद करावी.

दाणे पातळ पसरून वाळवावे. जिवाणूखत मिसळलें असल्यास कडक उष्णतेनें जिवाणू मरतात, म्हणून सावलींत वाळवावे. चाळणीखालील भुकटी व फोडलेले मोठे दाणे पुन्हां परातींत घालावे. माल विकावयाचा असल्यास ध्यानांत ठेवावें कीं, खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वयें कंपोस्टाचा निदान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणींतून गेला पाहिजे व ओलावा १५ ते २५ टक्के असला पाहिजे.

निगा थोडी, पण रोजची हवी. सायंकाळीं परात खरवडून कोरडी करावी. खरवडणीचें पातें झिजलें कीं पुढें सरकवावें, मात्र पत्र्यास घांसूं देऊं नये. बेअरिंगांस वंगण द्यावें, पट्ट्याचा ताण पाहावा, दांतेरी चक्रांवरील खताची धूळ पुसावी. मोसम संपल्यावर परात धुऊन, वाळवून तेलाचा हात फिरवावा. ओल्या खतानें लोखंड गंजतें. आणि वीज तोडल्यावांचून परातींत हात घालूं नये, मग घाई कितीही असो.

शेवटीं एक सूचना. यंत्रापाशीं नोंदवही टांगावी. किती तास चाललें, वंगण केव्हां दिलें, परात कोणीं साफ केली, हें रोज लिहून सही घ्यावी. त्या वर्षापासून आमच्या येथें हा नेम आहे व मृगांत यंत्र पुन्हां अडलेलें नाहीं. सातबार्‍यावरील एक चुकीची नोंद दोन भावांस जन्मभर कचेरीच्या पायर्‍या झिजवावयास लावते, हें आम्हीं नोकरींत डोळ्यांनीं पाहिलें आहे. यंत्राची न केलेली नोंद एखाद्याच्या हातावर बेतूं शकते. वही चार पैशांची आहे; ती आजच टांगावी.