जकातीचे आठ हक्कदार आणि संकटग्रस्त कुटुंबांची मदत

मराठीत 'खैरात' हा शब्द आज बहुधा नाखुशीने उच्चारला जातो. 'सरकारी पैशांची खैरात' असे म्हटले की उधळपट्टी आणि लायकी नसलेल्यांना वाटप असा अर्थ ध्वनित होतो. मूळ अरबीत मात्र 'खैर' म्हणजे भले, आणि खैरात म्हणजे भल्याची कामे. त्याच भाषेतून आलेल्या 'हक्क' या शब्दाची प्रतिष्ठा मराठीत टिकून राहिली आहे. या दोन शब्दांच्या वेगवेगळ्या नशिबात मदतकार्याचा मूळ प्रश्न दडलेला आहे. सूरह जारियातमध्ये श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि 'महरूम'चा हक्क असल्याचा उल्लेख येतो. महरूम म्हणजे जो वंचित आहे, पण हात पसरत नाही असा. म्हणजे देणारा देतो ती मेहरबानी नसून घेणाऱ्याचे घेणे चुकते करणे होय. युद्ध, दंगल, दुष्काळ किंवा दारिद्र्य यांनी ग्रासलेल्या कुटुंबांना मदत करताना ही भूमिका व्यवहारात कशी उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकात कोणास द्यावी याचे आठ वर्ग सांगितले आहेत. ते असे: फकीर, मिस्कीन, जकातीचे काम पाहणारे आमिलीन, ज्यांची मने जोडावयाची आहेत ते, गुलामीतून सोडवावयाचे लोक, कर्जात बुडालेले गारिमीन, अल्लाहच्या मार्गातील कार्य आणि इब्नुस्सबील म्हणजे वाटसरू. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब आणि वर्षाअखेर अडीच टक्के, हा हिशेब रमजानमध्ये घरोघरी मांडला जातो. तथापि वाटपाच्या वेळी आठांपैकी पहिल्या दोन वर्गांपलीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक आजच्या संकटांना नेमकी उत्तरे उरलेल्या वर्गांत सापडतात.

परंतु त्याआधी गरजू ओळखावा कसा, हा प्रश्न येतो. या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासात दोन परस्परविरोधी दाखले आहेत. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सरकारी कामांवर येणाऱ्या मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणण्यात आली. शिवाय काम गावापासून दूर ठेवावयाचे, म्हणजे खरोखर उपाशी असलेलाच तेथवर येईल, अशी ही 'कसोटी' होती. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्टाचे काम होणे शक्य नाही असे सांगून दीड पौंडाची मागणी लावून धरली. मुंबई इलाख्यात मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडून या मजुरीचा निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मजुरी कमी करून लबाड गाळले जातील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कामापर्यंत चालत जाण्याचे त्राण न उरलेलेच गाळले गेले. पुढे स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोग नेमला गेला आणि 1883 मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली.

दुसरा दाखला 1972 चा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणारे हात आणि पाझर तलाव या शब्दांनिशी मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील एक पिढी तो दुष्काळ आठवते. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. येथेही कसोटी कामाचीच होती, पण काम मागेल त्याला व शक्यतो जवळ मिळावे असा प्रयत्न होता. पीक इतके बुडूनही 1876 सारखा मृत्यूंचा कहर झाला नाही, याचे पुष्कळ श्रेय अभ्यासक या कामांना देतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे प्रायोगिक स्वरूपात राबविली गेली होती. तिचे पुढे 1977 च्या रोजगार हमी कायद्यात रूपांतर झाले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातल्या मिळकतीत दुष्काळी गावाचा वाटा असतो हे कायद्याने मान्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही. जकातीचे तत्त्व जाणणाऱ्याला ही मांडणी परकी वाटू नये.

इस्लामी इतिहासातही दुष्काळाच्या प्रशासनाचा एक नामांकित प्रसंग आहे. हिजरी 18 मध्ये, म्हणजे इ. स. 639 च्या सुमारास, हिजाजमध्ये 'आमुर्रमादा' नावाने ओळखला जाणारा दुष्काळ पडला. रिवायतींनुसार हजरत उमर यांनी त्या वर्षी दुष्काळी टोळ्यांकडून जकात वसूल केली नाही, ती पुढच्या वर्षावर ढकलली. शाम येथून धान्य मागविले आणि दुष्काळ सरेपर्यंत स्वतः तूप खाणे सोडले. शेवटची गोष्ट वाझमध्ये वारंवार सांगितली जाते. पहिल्या दोन गोष्टी, म्हणजे वसुलीला स्थगिती आणि सुबत्तेच्या प्रदेशातून पुरवठा, यांचा उल्लेख मात्र त्या मानाने फार कमी होतो. प्रशासनाच्या दृष्टीने त्याच अधिक महत्त्वाच्या आहेत.

द्यावे किती, याविषयी फिक्हमध्ये मतभेद आहेत व ते उपयुक्त आहेत. हनफी फकिहांच्या मते कर्जदार नसलेल्या एकाच व्यक्तीस निसाबाइतकी किंवा त्याहून अधिक रक्कम देणे मकरूह ठरते. इमाम नववी यांच्यासारखे शाफई विद्वान मात्र म्हणतात की कारागिराला त्याच्या धंद्याची हत्यारे घेता येतील इतके द्यावे, मग त्यांची किंमत कितीही होवो. कोकण किनाऱ्यावरील मुस्लिम समाज परंपरेने शाफई आहे, तरीही जकातीचे वाटप पाहिले तर ते शंभर-दोनशे रुपयांच्या पाकिटांत विभागलेले दिसते. एका विधवेला दहा घरांतून दहा पाकिटे मिळाली तरी शिवणयंत्र येत नाही. दहा घरांनी एकत्र येऊन वर्षाला एकाच कुटुंबाचे काम मार्गी लावावे, असे शाफई मताच्या आधारे सहज सुचविता येईल.

कर्जाचा वर्ग गोव्यात विशेष अर्थपूर्ण ठरतो. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणी थांबल्या. पुढे फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. खनिज बेकायदा काढले जात होते की नाही हा वेगळा विषय. डिचोली तालुक्यातील ज्या कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या दारात ट्रक उभा आणि हप्ता मात्र चालू अशी अवस्था झाली. अशी कुटुंबे फकीर नव्हेत. घर पक्के असते, मुले इंग्रजी शाळेत असतात, आणि म्हणूनच कोणी त्यांना गरजू समजत नाही. महरूम या शब्दाचा अर्थ येथे कळतो. राज्य सरकारने खाणबंदीची झळ बसलेल्या कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणली होती. जकातीत तर गारिमीन हा स्वतंत्र वर्गच आहे. ज्याची मालमत्ता कर्ज वजा जाता निसाबाखाली येते, तो घेण्यास पात्र ठरू शकतो.

इब्नुस्सबीलचा वर्ग पाहावयाचा तर पेडणे तालुक्यातील मोरजीपर्यंत जावे. शापोरा नदीच्या मुखाशी वसलेल्या या किनारी गावात पर्यटनामुळे बांधकामे वाढली. गोव्यातील अशा बांधकामांवर उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने राबतात. पाऊस हुकला की शेतातून थेट येथील वाळू-सिमेंटपाशी असा त्यांचा प्रवास असतो. गावी रेशनकार्ड, येथे झोपडी. 2012 मध्ये सुरू झालेल्या गृहआधारसारख्या योजनेत पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली. राज्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे, पण दुष्काळाने हलविलेल्या माणसाला ती पार करता येत नाही. वाटसरूच्या वर्गाला अशी अट नाही. गावी जमीन असली तरी वाटेत हाताशी काही नसेल तर तो पात्र, असे फकीह म्हणतात. अर्थात बहुसंख्य फकिहांच्या मते जकात मुस्लिम गरजूंपुरती आहे. सदका आणि इतर देणग्या मात्र कोणालाही देता येतात. मजुरांच्या वस्तीत धर्म विचारून चूल पेटवता येत नाही, म्हणून संस्थांनी दोन्ही निधींची खाती वेगळी ठेवणे सोयीचे पडते.

आमिलीनचा वर्ग म्हणजे कारभाराचा खर्च. नोंद ठेवणाऱ्याला वेतन देणे हे जकातीतून कापलेले पैसे नव्हेत, हे आयतीनेच मान्य केले आहे. नोंदीअभावी काय होते हे मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींवरून दिसते. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात 900 मृतांची नोंद आहे. याखेरीज 168 जण बेपत्ता होते. बेपत्तांपैकी 60 जणांच्या वारसांना भरपाई मिळाली. उरलेल्या 108 कुटुंबांचा पत्ता लागला नाही, वा कागदपत्रे पुरी झाली नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने या कुटुंबांचा शोध घेण्यास आणि दोन लाख रुपयांची भरपाई 1999 पासूनच्या नऊ टक्के व्याजासह देण्यास सांगितले. घर जळाले की रेशनकार्डही जळते आणि छावणी उठली की पत्ताही उठतो. त्या दिवसांत छावण्यांत धान्य आणि कपडे वाटणारे हात पुष्कळ होते. प्रत्येक कुटुंबाच्या मूळ गावाचा पत्ता एका वहीत उतरवून घेतला गेला असता, तर ती वही न्यायालयात धान्याहून मोलाची ठरली असती.

याउलट उदाहरण कुवेतचे. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर दीड लाखांहून अधिक भारतीय परतले, त्यांपैकी बहुसंख्य अम्मानहून मुंबईच्या विमानांनी. आखातातल्या पगारावर चालणाऱ्या घरांत कोकणातली आणि गोव्यातलीही घरे होती. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये जिनिव्हा येथे भरपाई आयोग स्थापला आणि देश सोडावा लागलेल्यांसाठी 'अ' वर्ग ठेवला. त्यात नुकसानीचा तपशील मागितला नाही. त्या काळात तेथून निघावे लागले एवढे साध्या पुराव्याने दाखविले की ठरावीक रक्कम, व्यक्तीस 2500 डॉलर आणि कुटुंबास 5000, आणि इतर वर्गांतील दावा सोडल्यास अनुक्रमे 4000 व 8000. अर्ज मात्र आपापल्या सरकारमार्फत वेळेत भरावा लागे. अर्ज कोण भरून देणार, हा प्रश्न तेव्हाही गावपातळीवरच सुटावयाचा होता. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात अर्जलेखन शिकविले जाते ते बहुधा परीक्षेपुरते. मूळ गाव, सध्याचा पत्ता, कुटुंबातील माणसे, कर्ज आणि हाताशी असलेली कागदपत्रे यांची एक पानी नोंद कशी घ्यावी व तिची प्रत संबंधित कुटुंबाकडेच कशी ठेवावी, हा त्याच तासाचा विषय होऊ शकतो. मोरजीतील बांधकामावरील कुटुंबापाशी अशी एक प्रत असेल, तर पावसाळ्यात ते गावी परतले तरी पुढच्या वर्षी मदतीचा धागा तेथूनच उचलता येईल.