आधी अँपिअर, मग जनरेटर

भिवंडीत मोटर वाइंडिंगचं दुकान शोधावं लागत नाही. लूम आला की मोटर आली, आणि मोटर आज ना उद्या जळणारच. धामणकर नाक्याच्या बाजूला अशाच एका दुकानापुढे माझ्या मावसभावाने त्याची गाडी आणून लावली. मूळचा टेम्पो ट्रॅव्हलर, आरटीओची मंजुरी घेऊन कॅराव्हॅन केलेला. आत दोन बिछाने, छोटा फ्रीज, पंखे आणि घरातून काढून बसवलेला एक टनाचा जुना एसी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होतं. कोकणात सुरूच्या बनात मुक्काम करायचा तर वीज कुठून आणायची? म्हणून जनरेटर.

बाजारात एका दुकानदाराने ‘डोळे झाकून पाच केव्हीए घ्या’ म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने दोन केव्हीएत भागेल म्हटलं होतं. गाडीत काय काय चालणार आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. वाइंडिंगवाल्या चाचांनी मात्र जनरेटरचं नावही काढलं नाही. ‘पहले एसी चलाके दिखाओ,’ एवढंच म्हणाले.

दुकानातून वायर ओढून गाडीला वीज दिली. चाचांनी केबलचं वरचं आवरण सोलून फेजची एकच तार वेगळी काढली आणि तिच्याभोवती क्लॅम्प मीटर अडकवला. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा जबड्यात आल्या, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. मग मीटर ‘इनरश’वर ठेवला. मोटर सुरू होतानाचा झटका सेकंदाच्याही अंशात उरकतो, साध्या सेटिंगला तो नीट सापडत नाही. कॉम्प्रेसर लागला आणि आकडा २६ अँपिअरला जाऊन थांबला. नेहमीच्या सेटिंगवर पाहिलं तर पाच-साडेपाच.

मावसभाऊ चाट पडला, चाचा नाही. लूमची मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे ते रोजच पाहतात. २६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे क्षणभरापुरते जवळपास सहा केव्हीए. ते देता आलं नाही की जनरेटरचा व्होल्टेज कोसळतो, कॉम्प्रेसर नुसता घुमत राहतो आणि ट्रिप होतो. पुन्हा पुन्हा असं झालं तर वाइंडिंग जळतं. म्हणजे पाच केव्हीएही काठावरच. शिवाय तसल्या सेटचं वजन ८० किलोच्या आसपास, तो रोज उतरवणार कोण?

बाकी सामानाची बेरीज केली तेव्हा चित्र पालटलं. दिवे, पंखे, फ्रीज, मोबाइल सगळं मिळून चालताना ४०० वॅटसुद्धा होईना. साधा चहा करायला दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी कशाला, गॅस आहेच. अडचण एकट्या एसीची होती. मग जुना एसी काढला आणि पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला. तो झटका न देता हळूहळू वेग घेतो. मीटरवर आकडा एकेक अँपिअरने चढत चारच्या आत थांबला. आता दोन केव्हीएचा, वीस-पंचवीस किलोचा इन्व्हर्टर जनरेटर पुरणार होता. माझ्या मते खरी निवड इथेच झाली, पुढचं सगळं खरेदीचं काम.

खरेदीतही एक पाहिलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा कमाल क्षमतेचा आकडा. सतत चालवायचा ‘रेटेड’ आकडा बारीक अक्षरांत असतो, आणि हिशेब त्याचाच धरायचा.

आवाजाची परीक्षा मात्र गल्लीत घेऊ नये. लूमच्या खटखटाटात कुठलाही जनरेटर सोज्वळच वाटतो. आम्ही खाडीकडच्या मोकळ्या जागेत गेलो. साधा सेट ५० सायकलची वीज देण्यासाठी लोड असो-नसो मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ओरडत राहतो. इन्व्हर्टर सेटचं इंजिन लोड कमी झाला की खाली येतं. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि कोकणातल्या वाडीत शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत आवाज पोचायला वेळ लागत नाही.

भिवंडीला या आवाजाचं काही नवल नाही. २००७ च्या जानेवारीत वीजवितरण टोरंट कंपनीकडे गेलं, त्याआधीच्या लोडशेडिंगच्या काळात दुकानादुकानांपुढे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे छोटे सेट धडधडत असत. तो वास अनेकांना आठवत असेल.

पेट्रोलचा हिशेबही उघड आहे. असल्या छोट्या इंजिनाला एका युनिटला साधारण अर्धा लिटर लागतं, म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या पुढेच. म्हणून दिवे-पंखे बॅटरीवर घेतले. ती गाडी चालताना चार्ज होते. जनरेटर फक्त एसीपुरता. ऑइल पहिल्या २० तासांनंतर बदलायचं, तेवढं विसरू नका.

आणि एक कळकळीची विनंती. जनरेटर गाडीत, डिकीत किंवा खिडकीखाली ठेवून चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. जाड वायर घ्या, सेट निदान वीस फूट लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड गाडीच्या उलट दिशेला करा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो लावल्याशिवाय पहिल्या मुक्कामाला निघू नका.