गाडीच्या पोटाखालचे धन सांभाळा



घरातले दागिने आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो. बियाण्याची पोती कोठीत ठेवतो. बैल रात्री गोठ्यात बांधतो. पण दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली सोन्याच्या तोलाचा माल लटकतो आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चोरांना मात्र ते पक्के ठाऊक झाले आहे.

ही चोरी मोठी फसवी असते. गाडी जागेवर असते, काचा शाबूत असतात, दाराला ओरखडासुद्धा नसतो. सकाळी डेअरीला दूध घालायला निघावे म्हणून चावी फिरवली की इंजिन जुन्या ट्रॅक्टरासारखे कडाडते. खाली वाकून पाहावे, तर सायलेन्सरच गायब!

२०२१ च्या सुमारास अशा चोऱ्या गुजरातेत फार झाल्या. आपल्याकडे पुणे आणि मुंबई या भागांतही पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या. त्यांचा डोळा मुख्यतः एकाच गाडीवर होता, ती म्हणजे मारुती ईको. गावोगाव दुधाचे कॅन, भाजीपाला, शाळेची मुले आणि लग्नाचे वऱ्हाड वाहणारी हीच गाडी. कर्जाचा हप्ता चालू असलेली अशी गाडी आठ दिवस दारात उभी राहिली, तर घराचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून हा विषय समजून घेतला पाहिजे.

चोराला एवढे काय मिळते?

सायलेन्सरचा पत्रा चोराला नको असतो. त्याला हवा असतो धुराच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. नाव मोठे आहे, पण काम सोपे आहे. इंजिनातून निघणारा विषारी धूर या डब्यातून जातो आणि बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो.

डब्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी, बारीक छिद्रांची, चिनी मातीच्या जातीची एक वीट असते. त्या छिद्रांच्या भिंतींना प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप दिलेला असतो. धातू असतो काही ग्रॅमच, पण तेवढ्यासाठीच सगळी चोरी. चोर ती वीट फोडून तिचा चुरा विकतात. पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्यांत या चुऱ्याला चक्क ‘माती’ म्हटलेले आढळते. मातीतून सोने पिकवण्याची आपली रीत वेगळी आणि यांची वेगळी!

हे धातू प्रामुख्याने दक्षिण आफ्रिका आणि रशिया येथील खाणींतून येतात. धुराचे नियम जगभर कडक होत गेले, तशी त्यांची मागणी वाढली. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव त्या वेळच्या सोन्याच्या पंधरा पटींहून वर गेला होता. भाव चढला तशा चोऱ्याही वाढल्या. अमेरिकेत २०१८ साली अशा चोरीचे १,२९८ विमा दावे नोंदले गेले होते; २०२१ साली ते ५२,००० च्या वर गेले. पुढे ऱ्होडियमचा भाव बराच उतरला, पण कांद्यासारखाच तोही खालीवर होत असतो. एकदा ही वाट सापडलेला चोर ती विसरत नाही.

तुमच्या गाडीत हा डबा आहे का?

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे कडक नियम देशभर लागू झाले. त्यामुळे आजच्या पेट्रोल आणि सीएनजी मोटारींत तो असतोच. नव्या डिझेल पिकअप गाड्यांतही धूर शुद्ध करणारी अशी साधने असतात. पन्नास अश्वशक्तीच्या आतल्या आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरांत मात्र तो सहसा नसतो.

मग ईकोच का? गाडीखाली हात घालायला जागा मिळते, सायलेन्सर नट-बोल्टांवर बसवलेला असतो, आणि या गाड्या रात्री बहुधा उघड्यावरच उभ्या असतात. पाना चालवायला सराईत हात असला की काम काही मिनिटांत होते.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला सांगून गाडी वर घेतली असता आपला डबा कुठे आहे, तो बघून घ्या. मोबाईलवर त्याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. आपली वस्तू आपण पाहिलेलीच नसेल, तर ती बदलली गेल्याचे तरी कसे कळणार?

चोराची वेळ हिरावून घ्या

ही चोरी दोन गोष्टींवर जगते. एक, अंधारातली निवांत पाच-दहा मिनिटे. आणि दुसरी, न विचारता माल घेणारे गिऱ्हाईक. दोन्ही तोडली तर चोरी आपोआप मरते. पहिली गोष्ट आपल्या अंगणातच तोडता येते.

गाडी घराच्या भिंतीला इतकी लागून उभी करा, की सायलेन्सरच्या बाजूने माणूस खाली शिरू शकणार नाही. दोन गाड्या असतील तर बुटकी गाडी त्या बाजूला लावा. फाटक असेल तर त्याला साखळी आणि कुलूप घाला. अंगणात माणूस येताच आपोआप लागणारा दिवा बसवा. सौर ऊर्जेवर चालणारे असे दिवे बाजारात मिळतात आणि वीज गेली तरी चालतात. अंगणातला कुत्रा तर जुना राखणदार आहेच. रात्री तो भुंकत असेल तर ‘गप रे’ म्हणून कूस बदलू नका, एकदा उठून पाहा.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. लपवायची म्हणून गाडी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. चालून आलेल्या गाडीचा हा डबा अतिशय तापलेला असतो. त्याला सुका पाला लागला तर गाडीही जाईल आणि वैरणही.

बाहेरगावी गेल्यावर जास्त सावध राहा. यात्रा, लग्नाचे कार्यालय, एसटी स्टँड, दवाखाना अशा ठिकाणी गाडी उजेडात आणि माणसांच्या वर्दळीत लावा. भर दिवसासुद्धा गाडीखाली आडवा झालेला माणूस पाहून लोकांना वाटते की मिस्त्री काम करतो आहे. चोराला नेमके हेच हवे असते. ओळखीच्या गाडीखाली अनोळखी माणूस दिसला, तर मालकाला हाक मारायला संकोच करू नका.

सायलेन्सरभोवती लोखंडी जाळी किंवा पट्टी बसवून घेता येते. नेहमीच्या पान्याने न खुलणारे खास नटही मिळतात. काही जण नट-बोल्टांना वेल्डिंगचा टाका मारून घेतात. पुढे दुरुस्तीच्या वेळी तो कापावा लागतो, हे लक्षात घेऊनच ते करा. वेल्डिंग करताना बॅटरी सोडवलेली असली पाहिजे, नाहीतर गाडीचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतो. पेट्रोलची नळी किंवा सीएनजीची टाकी जवळ असल्यास रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे हे काम मुळीच करू नका. गाडीची वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा.

चोराचे गिऱ्हाईक तोडा

आपल्या घरच्या बायका लग्नकार्याला दिलेल्या तांब्या-परातींवरही नाव घालून घेतात. कशासाठी? आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात गेली तरी ओळखता यावी म्हणून. हीच युक्ती इथे चालते. भांड्यांवर नाव घालण्याचे विजेचे यंत्र असते, तशाच यंत्राने डब्याच्या बाहेरच्या पत्र्यावर गाडीचा आणि चेसिसचा नंबर कोरून घ्या. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच हे करा आणि छिन्नी-हातोड्याचे घाव घालू नका, कारण आतली वीट ठिसूळ असते. नंबर कोरलेला डबा विकताना चोरही बिचकतो आणि घेणाराही.

गाडी अनोळखी गॅरेजमध्ये दिवसभर सोडून जाऊ नका. काम झाल्यावर आधीच्या फोटोंशी डबा ताडून पाहा, आवाज ऐका आणि पक्के बिल घ्या. मुदतीत पीयूसी तपासणी केली तर धुरात अचानक पडलेला फरकही कळतो.

आणि आता थोडी कडू गोष्ट. हा माल विकला जातो तो कुठे तरी आपल्याच आसपास. कोणी स्वस्तात ‘कंपनीचा’ जुना सायलेन्सर देऊ केला आणि बिल मागताच इकडे-तिकडे पाहू लागला, तर तो घेऊ नका. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज दुसऱ्याच्या गाडीचा माल आपण घेतला, तर उद्या आपल्या गाडीचा माल घेणाराही कोणी तरी असणारच.

चोरी झालीच तर?

पहिली गोष्ट म्हणजे, रात्री चोर दिसला तरी एकट्याने अंगावर जाऊ नका. त्याच्या हातात लोखंडी पाने असतात आणि तो एकटा नसतो. दिवे लावा, आरडाओरडा करा, शेजारी जागे करा आणि ११२ नंबर फिरवा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर तिचाही उपयोग करा. पोलीस पाटलांना कळवा.

दुसरी गोष्ट, तशी गाडी चालवू नका. सायलेन्सर नसला की इंजिनाचा धूर गाडीखालीच सुटतो आणि आत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पण तो जीव घेतो. शाळेची मुले तर त्या गाडीत मुळीच बसवू नका.

तिसरी गोष्ट, फोटो काढून पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा तुमचा हक्क आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवा. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे, त्यांना अशा चोरीची भरपाई मिळत नाही. म्हणून आजच पॉलिसी काढून वाचा. मराठीत कळत नसेल तर शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या.

चौथी गोष्ट, ‘नवा डबा कशाला, नुसता पाईप जोडून टाकू’ असा सल्ला कोणी तरी देईलच. नवा भाग महाग असतो, हे खरे. पण नुसता पाईप लावून गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि दंड दहा हजार रुपयांपर्यंत होऊ शकतो. शिवाय तो धूर जातो तो आपल्याच पोराबाळांच्या नाकात.

मंडळी, यातली निम्मी कामे फुकटची आहेत. आज रात्री गाडी भिंतीला लावायला एक पैसा लागत नाही. येत्या आठवडे बाजाराच्या दिवशी नंबर कोरून घ्या. गावात दहा-बारा गाड्या असतील तर सगळ्यांनी मिळून कोरणाऱ्याला गावातच बोलवा. एका गाडीवर नंबर असला तर चोर शेजारच्या गाडीकडे वळेल. गावातल्या सगळ्या गाड्यांवर असला, तर तो गावाकडेच वळणार नाही.