न निघालेल्या चित्रपटांचे दप्तर

चित्रपट संपतो न संपतो तोच पडद्यावर पुढील भागाची घोषणा व्हावी, ही रीत आता मराठीतही रुजली आहे. दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचे ‘श्री शिवराज अष्टक’ योजिले आणि ‘फर्जंद’ (२०१८) पासून ‘सुभेदार’ (२०२३) पर्यंत त्यातील पाच चित्रपट प्रेक्षकांपुढे आणले. अशा योजनेचे इतरांना नवल वाटले तरी कोल्हापूरला वाटण्याचे कारण नाही. तशी मालिका या शहरात पूर्वीच होऊन गेली आहे. फक्त तिच्या भागांना कोणी क्रमांक दिले नव्हते.

‘सुभेदार’मधील तानाजी मालुसऱ्यांची कथा बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२३ साली, ‘सिंहगड’ या मूकपटातून सांगितली होती. पुढे भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) असे चित्रपट एकामागून एक काढले. दिग्दर्शक तोच, विषय तोच आणि चंद्रकांत व सूर्यकांत या मांडरे बंधूंसारखी नटमंडळीही घरचीच. मालिका म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

फरक आहे तो योजनेचा. आजची मालिका आधी कागदावर पुरी होते आणि मग पडद्यावर येते. त्या काळी पुढचा चित्रपट निघणार की नाही, हे मागच्याच्या उत्पन्नावर, माणसांच्या एकोप्यावर आणि पुष्कळदा दैवावर ठरे. १९२९ साली व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल प्रभृती सहकारी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले व ‘प्रभात’ उभी राहिली. १९३३ साली ‘प्रभात’ही पुण्यास गेली. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला आणि ‘मीठभाकर’चे काम त्यात गेले. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला. माणसे हाताशी असली म्हणजे जळालेला चित्रपटही पुन्हा काढता येतो. माणसे गेल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे.

निघालेल्या चित्रपटांचीच कथा पाहावी. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील जेमतेम दोन-अडीच डझन, तेही पुष्कळसे त्रुटित, आज उरले आहेत. नायट्रेटची फीत पेट घेई, कुजे. उरलीसुरली चांदीसाठी वितळवली जाई. शांतारामांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केलेला १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाही. निघालेल्यांची ही गत, तर मनात योजून राहून गेलेल्यांची दाद कोण घेणार?

जे निघालेच नाही ते जपून काय साधणार, असा आक्षेप येईल. तो वरवर बिनतोड दिसतो. परंतु जो चित्रपट निघाला नाही, त्याची पटकथा, पोशाखांची रेखाटने, खर्चाची वही आणि भांडवलासाठी लिहिलेली पत्रे हाच तो चित्रपट होय. त्याला दुसरे शरीर नाही. शिवाय एखादा धंदा कोणत्या हिमतीवर उभा होता आणि कशापायी खचला, हे यशस्वी चित्रपटाच्या जाहिरातीपेक्षा अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटाच्या जमाखर्चातून अधिक स्वच्छ कळते.

जयप्रभाच्या जागेच्या विक्रीविरुद्ध २०२२ साली कोल्हापूरचे चित्रकर्मी रस्त्यावर उतरले, ते योग्यच झाले. मात्र वास्तूसाठी जी आच दिसली ती कागदांसाठी दिसत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. तोवर पुष्कळ काही गेले होते, आणि घरोघरच्या ट्रंकांतील कागद काही स्वतःच्या पायांनी पुण्यास जात नाहीत. जुन्या तंत्रज्ञांच्या, रंगभूषाकारांच्या, हिशेबनिसांच्या घरी असे एखादे बाड असेल तर ते रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी उघडून पाहिले पाहिजे. या कामाला मोठे भांडवल लागत नाही. एखादा आस्थेवाईक शिक्षक, चार विद्यार्थी आणि सुट्टीचे काही दिवस एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो. पुढील भाग निघो न निघो, मागील भागाचे दप्तर तरी शाबूत राहील.