जुन्या लोकलची अखेरची फेरी

सेवानिवृत्तीचा समारंभ आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणे; आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर कोणी नवा बसतो व कचेरी पूर्वीसारखी चालू राहते. मुंबईच्या जुन्या लोकलगाड्यांवर हा प्रसंग आला ९ एप्रिल २०१६ च्या रात्री. डीसी विजेवर धावणारी शेवटची लोकल त्या रात्री कुर्ल्याहून तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली, आणि एक्याण्णव वर्षांची नोकरी संपली.

माझे गाव सोयगाव, अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याचे. आगगाडी म्हणजे आम्हांला शेंदुर्णीवरून जाणारी पाचोरा-जामनेरची छोटी गाडीच ठाऊक. मुंबईला प्रथम आलो तेव्हा कुर्ल्याच्या फलाटावर काकांनी बजावले, "हे बघ, इथं आपण चढायचं नसतं. दारासमोर उभं राहायचं; गर्दीच चढवते." त्या एका वाक्याच्या शिदोरीवर मी पुढे बरीच वर्षे काढली.

या गाड्यांचा जन्मही थाटाचा होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. डबे होते अवघे चार. म्हणजे पहिली फेरी ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने शेवटची परत आली. १९२८ साली पश्चिमेकडेही कुलाबा ते बोरिवली वीज आली, आणि मुंबईच्या चाकरमान्याने घड्याळाशी लग्न लावले ते कायमचे!

मग अशा इमानी गाड्यांना घरी का बसवले? त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून नव्हे. डबे तर अधूनमधून नवे येतच होते. त्यांची वीज अपुरी पडू लागली होती. डीसी तारेत दाब असे १५०० व्होल्टचा. नव्या एसी तारेत तो असतो २५,००० व्होल्टचा. (हे 'एसी' म्हणजे थंडगार हवा नव्हे, ही सूचना घाम पुसणाऱ्या वाचकांसाठी!) घरचाच दाखला घ्यायचा तर, पाण्याची टाकी उंचावर असली की बारीक नळानेही बादली झटकन भरते, टाकी खाली असली की नळ जाड लागतो. विजेचेही तसेच. दाब कमी असला की तेवढीच शक्ती पुरवायला प्रवाह सुमारे सोळापट लागतो. मग तांब्याच्या जाड तारा हव्यात आणि थोड्याथोड्या अंतरावर वीज उपकेंद्रेही हवीत. गाड्या वाढवा, डबे वाढवा, अशी मागणी होत होती. पण जुन्या तारेला तो भार सोसेना.

१९२५ साली डीसीच शहाणपणाची होती, कारण त्या विजेवरच्या मोटारी आवरायला सोप्या. पुढे १९५७ च्या सुमारास रेल्वेने देशासाठी २५,००० व्होल्टचा मार्ग स्वीकारला आणि मुंबईचा परिसर डीसीचे बेट होऊन राहिला. ते बेट बुजवायला फार वर्षे लागली, कारण रोजची धावपळ एक दिवसही थांबवता येत नव्हती. एका टप्प्यात जुनी वीज आणि पुढच्या टप्प्यात नवी, म्हणून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. उच्च दाबाची तार आणि पूल यांत अंतर जास्त हवे, म्हणून कुठे रूळ खाली घ्यावे लागले. सँडहर्स्ट रोडजवळचा ब्रिटिशकालीन हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे हेही एक कारण होते. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ साली पुरे झाले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ साली, आणि हार्बरचे सर्वांत शेवटी.

लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. जुनी लोकल निघताना बरीच वीज उष्णता होऊन वाया जाई. नवी गाडी ब्रेक लावताना वीज निर्माण करून ती तारेला परत देते. नव्या डब्यांत हवा अधिक खेळते. हार्बरवर वर्षानुवर्षे नऊ डब्यांवर भागवले जाई, तिथे त्याच वर्षी बारा डब्यांची गाडी आली.

पण एक गोष्ट निवृत्त झाली नाही: उघडे दार आणि त्यात लोंबकळणारा माणूस. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी खाली पडले आणि काही घरांतली संध्याकाळची वाट पाहणे कायमचे संपले. बंद दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आहे, पण तिचे तिकीट सर्वांच्या खिशाला झेपत नाही. वीज बदलली, डबे बदलले. काकांचा उपदेश मात्र अजून जुना झाला नाही. तो जुना होईल, तेव्हाच जुनी लोकल खऱ्या अर्थाने निवृत्त झाली असे म्हणता येईल.

आमची पाचोरा-जामनेरची छोटी गाडीही २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती त्या रुळांवर पुन्हा धावली नाही. तिच्या जागी मोठ्या रुळांची गाडी यायची ठरली. तिच्या आठवणीने आम्ही सोयगावकर हळहळतो. पण मोठी गाडी आली तर तिला ओवाळायलाही आम्हीच पुढे असू. फक्त तिच्या दारात कोणाला लोंबकळावे लागू नये, एवढेच या दिवाळीत मागणे.