लिलाव, करारनामा आणि मातीतले मंडळ

कबड्डीपटूची किंमत भर सभेत हातोड्याच्या ठोक्याने ठरविण्याचा प्रघात प्रो कबड्डी लीगने २०१४ साली पाडला. त्या पहिल्या लिलावात राकेश कुमारसाठी पाटणा पायरेट्सने लावलेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली तेव्हा डोळे दिपविणारी वाटली होती. नऊ वर्षांनी, २०२३ साली, पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. या वाढीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या खेळाच्या संघटनेसाठी आणि प्रतिष्ठेसाठी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी हयात वेचली, त्या खेळातल्या तरुणाला ऐन उमेदीत सन्मानाने द्रव्य मिळावे, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु खेळाडू विकत घेण्याची व्यवस्था आणि खेळाडू घडविण्याची व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीचा जितका गाजावाजा झाला तितकी दुसरीची विचारपूस झाली नाही.

लिलावाच्या पूर्वीही खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जातच असत. मुंबई-ठाण्याकडे एखादा चपळ चढाईपटू नजरेत भरला, की मध्य रेल्वे, एअर इंडिया, देना बँक, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांपैकी एखादी आस्थापना त्याला आपल्या संघात ओढून घेई, आणि त्याच्या पदरात पडे ती नोकरी. निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली जे नाव मिळाले ते धारण करून वाढलेल्या उल्हासनगरला, विमकोच्या आगपेट्यांच्या आणि आयुध निर्माणीच्या अंबरनाथला आणि लोकलगाडीच्या भरवशावर विस्तारलेल्या बदलापूरला या मोबदल्याचे मोल समजावून सांगावे लागत नसे. मुलगा खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागला, म्हणजे घरादाराची ददात मिटली.

नव्या व्यवस्थेचा कारभार अधिक गुंतागुंतीचा आहे. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला ५ कोटी रुपयांची थैली मुक्रर करून दिलेली होती, आणि खेळाडूंची चार वर्गांत विभागणी करून त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये ठरविल्या होत्या. काही खेळाडू संघाला लिलावापूर्वीच राखून ठेवता येतात. जो हातचा सुटला त्याच्यावरील अखेरच्या बोलीइतकी रक्कम भरून त्याला परत मिळविण्याचीही सवलत असते. याखेरीज ‘नवे युवा खेळाडू’ म्हणून एक निराळी वर्गवारी आहे: कोवळ्या वयाचे, अद्याप नाव न झालेले खेळाडू संघाने स्वतः हुडकावेत, ठरीव वेतनावर करारबद्ध करावेत आणि पुढील हंगामांतही ठरावीक अटींवर आपल्याकडे ठेवावेत, अशी ही तजवीज.

अमेरिकेतील मेजर लीग सॉकर या फुटबॉलच्या लीगने याच हेतूने २००८ साली आपला एक नियम अमलात आणला. तेथे खेळाडूचा करार संघाशी नव्हे तर प्रत्यक्ष लीगशी होतो, आणि महाविद्यालयांतून येणारे खेळाडू संघांत वाटून देण्याची निवडसभा भरते. मात्र जो मुलगा संघाने आपल्याच प्रबोधिनीत वाढविला, त्याला निवडसभेची पायरी न चढता त्या संघात थेट प्रवेश मिळतो. घानामधील निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला अल्फान्सो डेव्हिस हा याच लीगमधील व्हँकूव्हर संघाच्या प्रबोधिनीतून वर आला, आणि २०१८ साली बायर्न म्युनिकने त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजली.

आपल्याकडे घरच्या रोपट्याला पाणी घालण्याचे फळ ज्याने चाखले तो संघ पुणेरी पलटणचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे २०२१ च्या हंगामात पुढे आले, पाठोपाठ नाशिकचा आकाश शिंदे आला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईला झालेल्या अंतिम सामन्यात जयपूरने पलटणला २९ विरुद्ध ३३ असे हरविले, तरी व्यवस्थापनाने ही तरुण मंडळी मोडून टाकली नाही. पुढच्या लिलावात त्यांनी मोहम्मदरझा शादलुई या इराणी बचावपटूवर २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले खरे, पण तो खर्च जमलेल्या संघाला बळकटी आणण्यासाठी होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळविले, आणि कर्णधार इनामदार त्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. बोलीचे सामर्थ्य मोठे असले तरी तिच्याने संघ उभा राहत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

तथापि संघाच्या प्रबोधिनीत येणारा मुलगा काही कोरी पाटी घेऊन येत नाही. आमच्या उल्हासनगरच्या शेजारच्या कल्याणातून गिरीश इर्नाक पुढे आला आणि पुणेरी पलटण, गुजरात अशा संघांतून डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. त्या कोपऱ्याची विद्या ज्याने जवळून पाहिली, त्याला ती एका हंगामात शिकविता येत नाही हे पटेल. चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकून मागचा पाय उचलतो, त्या निमिषात त्याच्या देहाचा सारा भार पुढच्या घोट्यावर येतो. कोपऱ्यातल्या रक्षकाने त्याच्या खांद्याच्या हुलकावणीकडे लक्ष न देता तोच घोटा पाहायचा असतो. आधी झेपावला तर स्वतः बाद, उशीर केला तर गुण गेला. आणि पकड बसली तरी शेजारच्याने तत्क्षणी कमरेला मिठी घातली नाही, तर गडी मध्यरेषेपर्यंत फरफटत नेतो. हे शेजाऱ्याशी जुळणे वस्तीतल्या मंडळात वर्षानुवर्षांच्या सायंकाळच्या सरावाने अंगी मुरते. तो सराव करून घेणारा मनुष्य बहुधा दिवसभर चाकरी करून आलेला, मैदानावर फक्कीच्या रेषा स्वतः आखणारा आणि दिव्याच्या बिलासाठी दुकानोदुकानी वर्गणी मागणारा असतो. मातीवर अनवाणी शिकलेल्या मुलाला पुढे मॅटवर बूट घालून खेळायचे असते, आणि ते मॅट घेण्याची ऐपत फार थोड्या मंडळांची.

लिलावातली बोली हे खेळाडूचे वेतन असते. तिच्यात त्याच्या मूळ मंडळाचा वाटा नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा शिरस्ता निराळा आहे: करारात असलेला खेळाडू रक्कम मोजून परदेशी संघाकडे गेला, म्हणजे त्या रकमेचे पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत शिकविणाऱ्या संस्थांना वाटून द्यावे लागतात. अमेरिकेतही ही रक्कम मागण्याची प्रथा दीर्घकाळ नव्हती. मेजर लीग सॉकरने ती मागण्याचे जाहीर केले ते २०१९ मध्ये. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना. खेळाडूच्या पैशाला हात न लावता संघाने वर पाच टक्के भरावेत असे ठरले असते, तर दुसऱ्या बोलीवर ती रक्कम ७ लाख २५ हजार झाली असती. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या लीगला हा भार जड नाही, आणि लहान मंडळाला त्यातून मॅट, बूट व प्रशिक्षकाचे मानधन यांची तरतूद करता येईल.

आक्षेप एवढाच निघेल, की मुलगा कोणाच्या हाताखाली शिकला हे सिद्ध कसे व्हावे. आणि तो खरा आहे, कारण आमच्या मंडळांची दफ्तरे विस्कळीत असतात. जिल्हा संघटनेकडे खेळाडूची नोंद करताना तो कितव्या वर्षी मंडळात आला आणि कोठवर राहिला हे दोन रकाने वाढवून दरसाल अध्यक्षांची सही घेतली, तर लीगपुढे मागणी मांडताना हाती दस्तऐवज राहील. अंबरनाथ-बदलापूरच्या मंडळांना त्यासाठी कोणाच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही; येत्या नोंदणीच्या वेळीच आपापल्या वहीत हे रकाने त्यांना आखता येतील.