एकाच मुक्कामाच्या दोन वाटा

सालवड, पास्थळ, कोलवडे या गावांच्या शिवारांत पसरलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतून मुंबईस जाणारा माल चिल्हार फाट्यावरून महामार्गास लागतो आणि मुंबईसच जाणारा माणूस बोईसर स्थानकावर गाडी पकडतो. मुक्काम एकच असूनही कोण जात आहे, यावर वाट मुक्रर होते. हा विवेक सामान्य राउटरच्या ठायी नसतो. पॅकेटवरचा गंतव्य पत्ता तेवढा वाचावा, कोष्टकातील त्याच्याशी सर्वाधिक जुळणारी नोंद शोधावी आणि त्या दिशेस ते रवाना करावे, हाच त्याचा शिरस्ता. पॅकेट कोणी व कशासाठी पाठविले, याची चौकशी करण्याचा अधिकार त्यास देणे म्हणजे पॉलिसी-बेस्ड राउटिंग. १९८९ च्या जूनमध्ये हान्स-व्हेर्नर ब्राऊन यांनी या विषयावरचे टिपण प्रसिद्ध केले, त्या काळी अमेरिकेतील एनएसएफनेटचे मुख्य जाळे संशोधन व शिक्षण यांसाठीच राखलेले होते, म्हणून पॅकेट कोणाचे व कशासाठी, हा प्रश्न तेथे उभा राहत होता.

आपल्याकडे हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशी येऊन ठेपला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषणकारी अशा १७ वर्गांतील उद्योगांकडून, ज्यांत रंगद्रव्ये, औषधे व कीटकनाशके यांचे कारखाने येतात, सांडपाण्याची मोजमापे अखंड व ऑनलाइन घेण्याचे निर्देश राज्य मंडळांस दिले. अशा कारखान्यात एक लीज्ड लाइन आणि एक स्वस्त ब्रॉडबँड असेल, तर पीएच आणि सीओडी यांचे आकडे पाहुण्यांच्या मोबाइलच्या गर्दीत का अडकावेत? वसाहतीतले पाणी प्रक्रियेनंतर नवापूरच्या समुद्रात जाते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा संसार ज्याच्या शुद्धतेवर उभा आहे, त्या पाण्याच्या आकड्यांचा मान पहिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिस्कोच्या राउटरवर तजवीज अशी करावी. ॲक्सेस-लिस्टमध्ये मापकयंत्रांचे जाळे, समजा १९२.१६८.२०.०, नोंदवावे; परंतु त्याआधी कारखान्यातल्याच सर्व्हरकडे जाणारी वाहतूक 'डिनाय' लिहून वगळावी, नाहीतर शेजारच्या खोलीतला निरोपही बाहेरच्या वाटेस लागतो. मग राउट-मॅपच्या १० क्रमांकाच्या कलमात 'मॅच'ने ती यादी आणि 'सेट'ने लीज्ड लाइनचा नेक्स्ट-हॉप, म्हणजे पुढच्या टप्प्याचा पत्ता, द्यावा. पाहुण्यांसाठी २० क्रमांकाचे कलम ब्रॉडबँडकडे वळवावे. कोणत्याच कलमात न बसणारे पॅकेट नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे जाते. राउट-मॅपचा अंमल पॅकेट ज्या इंटरफेसमधून आत येते तेथे बसवावा लागतो. बाहेर पडण्याच्या दारावर तो लावून, आज्ञा पाळली जात नाही म्हणून कष्टी होणारे पुष्कळ आहेत. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३७५० सारख्या स्विचवर आधी 'एसडीएम प्रेफर राउटिंग' ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. शिवाय ज्या लाइनीतून पॅकेट निघेल, तिच्याच सार्वजनिक पत्त्याचे नॅट, म्हणजे पत्ता-रूपांतर, त्यास मिळाले पाहिजे.

सर्वांत मोठा धोका मात्र पुढेच आहे. लीज्ड लाइनची केबल जोडलेली, दिवा हिरवा, पण पलीकडचा मार्ग तुटलेला, अशा स्थितीत राउटर हुकूम निष्ठेने पाळीत आकडे शून्यात लोटीत राहतो. म्हणून 'आयपी एसएलए'ने दूरच्या पत्त्याची सतत विचारपूस ठेवावी आणि नेक्स्ट-हॉपसोबत 'व्हेरिफाय-अव्हेलेबिलिटी' जोडावे, म्हणजे वाट बंद होताच ते पॅकेट नेहमीच्या कोष्टकाकडे, पर्यायाने ब्रॉडबँडकडे वळते. हे सारे झाल्यावर भर दुपारी, कामावर माणसे हजर असताना, पलीकडचा मार्ग मुद्दाम तोडून पाहावा आणि तरीही मंडळाच्या पडद्यावर आकडे उमटत राहतात की नाही, ते डोळ्यांनी तपासावे.